सरकलेला तलाव

आमचे साहेब खुर्चीवर बसून कधी सही करत नसत. फाइल समोर ठेवली की उठून उभे राहायचे आणि विचारायचे, “जागा बघितली का?” न्हाई म्हटलं की फाइल आल्या वाटेनं परत. बघितली म्हटलं की दुसरा सवाल, “तिथलं पाणी पिलात का?” आता रस्त्याच्या नाहीतर पुलाच्या परवानगीत पाणी पिण्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटावं. नव्या माणसाला वाटायचंच. जुन्याला माहीत असायचं, की पाणी पिलो म्हटलं तर तिसरा सवाल येणार, “गोड होतं का मचूळ?” आणि तिथं खोटं बोलणारा पकडला जाणार, कारण साहेब स्वतः बहुतेक ठिकाणचं पाणी पिऊन आलेले असायचे.

मी त्यांच्याकडं ट्रेसर म्हणून लागले. मोठ्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघा उतरवून काढायचं काम. जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. लातूरमधल्या सरकारी पाट्यांचा रंग ओला होता, पत्त्यात लोक अजून चुकून उस्मानाबाद लिहीत आणि खोडत. कचेऱ्यांना जागा नव्हत्या. आमची कचेरी एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात. भिंतीला हात लावला की तुरीचा भुसा निघायचा, आणि दुपारी पत्रा तापला की सगळ्या नकाशांना वरणाचा वास यायचा. पण काय उत्साह होता सांगू! चपराशापासून कलेक्टरपर्यंत प्रत्येकाला वाटायचं, हा जिल्हा आपणच घडवून राहिलो.

त्यात दुष्काळ. हातपंप कोरडे खडखडायचे, टँकरमागं बाया घागरी घेऊन पळायच्या. गावोगाव तलावांची, बंधाऱ्यांची मागणी, आणि प्रत्येक तलावाची फाइल पाच खात्यांत फिरणारी. जंगल खातं, महसूल, पाटबंधारे, बांधकाम, आरोग्य. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईस्तोवर पावसाळा येऊन जायचा आणि नुसता ढगाळून जायचा. म्हणून वरून पैसा आला. बांधकामांची परवानगी लवकर मिळावी, पण झाडं, पाणी, माणसं यांचं काय होणार हेही नीट तपासलं जावं, त्यासाठी जुनी पद्धत सुधारा, नवी साधनं घ्या, पाची खाती एका छताखाली आणा, असा हुकूम. आमचं ते डाळमिलचं गोदाम म्हणजे ते छत. आणि त्या छताखाली बसवलेले, म्हणजे खरं तर उभे केलेले, आमचे साहेब.

साहेब कंधारकडचे. उंच, किडकिडीत, पँट मोज्यात खोचलेली, काखेत सदानकदा काळी छत्री. दुष्काळात छत्री बघून लोक हसायचे. “पाऊस कुठाय साहेब?” “तुमच्या फाइलीत अडकलाय,” असं म्हणून ते तीच छत्री काठीसारखी रोवत आणि तिच्या टोकानं उतार दाखवत. उतार नीटच बघायचा असला की भर उन्हात जमिनीवर पालथे पडत, गाल मातीला टेकवत आणि एक डोळा मिटून ओरडत, “वा! वा! बघा कसं पाणी पळंल इथनं!” पाणी कुठंच नसायचं. पण त्यांच्या आवाजानं आम्हाला ते दिसायला लागायचं.

पैसा आल्यावर काय काय घ्यायचं यावर बैठक झाली. अव्वल कारकुनानं सोफा, पडदे, भिंतीवरचं मोठं घड्याळ अशी सुरुवात केली. साहेबांनी पडदे खोडले. “पडदे कशाला? आपल्याकडं काय झाकायचंय?” मग म्हणाले, जीप घ्या, नकाशाच्या प्रती काढायचं यंत्र घ्या, खालून दिवा लागणारं काचेचं टेबल घ्या, विमानातून काढलेले जमिनीचे फोटो मागवा. आणि पाची खात्यांच्या माणसांना बूट घ्या.

“बूट?” कारकून म्हणाला.

“बूट. चांगले, जाड तळव्याचे. चपला घालून कोण चढणार डोंगर?”

बूट आले. मग हिशेब तपासणारे आले. त्यांनी लेखी विचारलं की परवानगी-पद्धतीच्या आधुनिकीकरणाशी बुटांचा संबंध काय. साहेबांनी उत्तर लिहिलं, “पाय.” बस. एवढंच. कारकुनाला रात्री झोप लागली नाही म्हणे, पण पुढं कुणी काही विचारलं नाही.

खुर्च्याही त्यांनी काढूनच टाकल्या. फक्त कामासाठी आलेल्या गावकऱ्यांना खुर्ची. “बसलेल्या माणसाची फाइल पण बसते,” हे त्यांचं म्हणणं. दुसरं एक म्हणणं दिवसातून दहादा ऐकायला मिळायचं, “घाई वेगळी, जल्दी वेगळी. घाईत माणूस डोळे मिटतो. जल्दीत उघडे ठेवतो.” मला सुरुवातीला वाटायचं, नुसती बोलायची हौस. हौस होतीच. फोनवर तर मुंबईला थेट तोंडानंच ऐकू जावं असं बोलायचे, फोन मधे कशाला धरलाय कळायचं नाही.

पण फोटो आले त्या दिवसाची गोष्ट वेगळी. कुलूपबंद पेटीतून आले, वर गोपनीय असा शिक्का. सोबत एक यंत्र. चार बारीक पायांची लोखंडी घोडी, तिच्यावर डोळ्यांसाठी दोन भिंगं. खाली एकाच जागेचे, थोड्या थोड्या अंतरावरून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि वरून बघायचं. नाव स्टिरिओस्कोप. खाजाभाईनं, आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं, पहिल्या दिवशीच त्याचं नाव जुळी दुर्बीण ठेवलं आणि तेच सगळ्या कचेरीत चाललं.

साहेबांनी फोटो खालीवर सरकवले, डोळे लावले आणि एकदम मागं झाले. मला खुणावलं. मी वाकले. आधी दोन धूसर करडे चौकोन दिसले. साहेबांनी एक फोटो नखानं जरासा ढकलला, आणि बाई गं! जमीन उठून उभी राहिली. डोंगर फुगून वर आला, ओढा खोल गेला, झाडं टाचण्यांसारखी ताठ झाली. मी किंचाळलेच. कचेरीतले सगळे धावत आले. त्या दिवशी दुसरं काही कामच झालं नाही. चपराशी बघतोय, खाजाभाई बघतोय, जंगल खात्याचा माणूस बघतोय आणि म्हणतोय, “माझ्या बापजन्मात मी माझं जंगल असं बघितलं न्हाई.” साहेब लहान पोरासारखे सगळ्यांच्या मागं नाचत होते, “उठली का जमीन? उठली का?”

मी उदगीरची. अप्पांचं भुसाराचं दुकान, घरात दोन वेळा लिंगपूजा, आणि मुलीनं नोकरी करायची तर चार भिंतींच्या आत, अशी अट. डाळमिलला चार भिंती होत्या, म्हणून ती पाळली जात होती. ती मोडली या दुर्बिणीमुळं.

झालं असं. अहमदपूरच्या पुढं, कंधारच्या हद्दीला चिकटून एक गाव होतं. त्या गावाला पाझर तलाव हवा होता. गाव तहानलेलं, त्यात शंकाच नाही. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचे. सरपंच मोठे शेतकरी, भला माणूस, पण गावाला लागूनच बांध व्हावा म्हणून हटून बसलेले. फाइल तयार होती. वरचे इंजिनिअर साहेब, जे आमच्या साहेबांचे वरिष्ठ, त्यांनी जागा पसंत केलेली. मंत्री भूमिपूजनाला येणार म्हणून पत्रिका छापायला गेलेल्या. आमच्याकडं ती फाइल फक्त तपासून शिक्का मारायला आली होती. कागदावर एक रकाना होता, पाण्याखाली जाणारी वस्ती. त्यात लिहिलेलं, “नाही.”

साहेब मला म्हणाले, “ट्रेसरबाई, पाणी कुठवर चढंल ती रेघ फोटोवर काढा.”

मी दुर्बीण लावली आणि रेघ काढत काढत ओढ्यानं वर गेले. एका वळणावर जमिनीवर काड्यापेट्यांसारखं काहीतरी उभं राहिलं. बारीक बारीक. आधी वाटलं, दगड. पण दगड असे ओळीत नसतात. प्रत्येकाशेजारी एक गोल कुंपण. माझा हात थांबला.

“साहेब, इथं घरं हायती.”

“नकाशात?”

“नकाशात न्हाईत. पण हायती. रेघेच्या आत.”

साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग छत्री उचलली. “खाजाभाई, गाडी काढा!”

आणि दारातून वळून माझ्याकडं बघून म्हणाले, “तुम्ही का थांबल्यात? घरं तुम्ही शोधलीत.”

मी घरची अट सांगितली. तर त्यांनी काय केलं असेल? जीप अहमदपूरऐवजी उदगीरला घेतली. आमच्या दुकानासमोर उभी केली. अप्पा गादीवर बसलेले. सरकारी गाडीतून लेक उतरलेली बघून त्यांच्या हातातलं माप तसंच राहिलं.

“शरणार्थ अप्पा,” साहेब म्हणाले आणि पोत्यावरच बसले. ते बसलेले मी पहिल्यांदा बघत होते. “तुमच्या लेकीनं आज कागदात नसलेली घरं शोधून काढली. आता ती घरं बघायला जायचंय. ती आली न्हाई तर मला ती जागा सापडायची न्हाई, आणि जागा सापडली न्हाई तर घरं बुडतील.”

अप्पांनी मला विचारलं, “खरंय का हे?”

“हाव अप्पा.”

“कुणाची घरं?”

“म्हाईत न्हाई. तेच बघायचंय.”

अप्पा गादीवरून उठले. आत गेले. मला वाटलं, संपलं. बाहेर आले ते अव्वानं, माझ्या आईनं, बांधून दिलेली शेंगाचटणी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन. साहेबांच्या हातात दिलं. “घरं बुडवून कुणाचं भलं न्हाई होत,” म्हणाले. “पण दिवस मावळायच्या आत आणून सोडायचं.”

त्यानंतर मला कुणी अडवलं नाही.

तो लमाणांचा तांडा होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच. महसुलाच्या दप्तरात त्याला गावाचा दर्जा नव्हता, म्हणून नकाशात नव्हता, म्हणून फाइलीत नव्हता. एवढं साधं. आम्ही पोहोचलो तेव्हा बाया लिंबाखाली बसून काचा लावलेलं भरतकाम करत होत्या. साहेबांनी नेहमीसारखं आधी पाणी मागितलं. एका म्हातारीनं, तिचं नाव सक्रीबाई, हातभर बांगड्या वाजवत तांब्या आणला. साहेबांनी दोनच घोट घेतले. बाकीचं परत केलं. त्या पाण्याला लांबून आणल्याचं वजन होतं.

“तलाव होणार हाय, कळलंय का?” साहेबांनी विचारलं.

“कळलंय की,” सक्रीबाई खुशीत म्हणाली. “आमचे गडी जाणारेत कामावर. पोटाला मिळंल, पाणी बी मिळंल.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. सांगायचं कसं हे त्यांनाही कळेना. शेवटी त्यांनी जीपमधून दुर्बीण काढली, एका बाजेवर मांडली, पेटीतले ते दोन फोटो ठेवले आणि म्हणाले, “बघ माय, यातून.”

सक्रीबाई वाकली. थोडा वेळ काही नाही. मग एकदम ओरडली, “अगं बया! ही तर माझी बाभूळ! हे माझं घर! ह्यो रामाचा गोठा!” तांडा लोटला. जो तो आपलं घर शोधतोय, हसतोय, दुसऱ्याला ढकलतोय. पोरं बाजेखाली शिरून बघतायत, जमीन खालून उठतेय की काय. असा आनंद मी क्वचित बघितला. आणि त्या आनंदात सक्रीबाईचंच बोट फोटोवर थांबलं.

“ही पांढरी रेघ कशाची?”

“पाण्याची,” मी म्हणाले.

“म्हंजी आम्ही पाण्याच्या आत?”

साहेब उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, रागानं नाही, कसल्या तरी चेवानं. “न्हाई माय. रेघ अजून शाईची हाय. शाई पुसता येती. तलाव होणारच. गावाला पाणी मिळणारच. पण तुम्ही आत न्हाई.”

परतताना मी त्यांना विचारलं, होईल का हे? भूमिपूजनाची तारीख ठरलेली आहे. ते म्हणाले, “तारीख हाय म्हणूनच होईल. नाहीतर लोक आरामात करत्यात.”

मग जे दिवस आले ते माझ्या सगळ्या नोकरीतले सर्वांत धावपळीचे. सकाळी दुर्बीण, दुपारी ऊन, संध्याकाळी नकाशा. तांड्याच्या वर, ओढा दोन टेकड्यांच्या मधून येतो तिथं एक अरुंद घळ सापडली. साहेब पालथे पडले, गाल मातीला, आणि ओरडले, “इथं! इथंच! देवानं अर्धा बांध घालून ठेवलाय!” तिथं बांध घातला तर पाणी टेकड्यांच्या पोटात राहणार आणि पाझरून तांड्याच्या आणि गावाच्या, दोन्हींच्या विहिरींना मिळणार. जादा पाणी जायचा सांडवा त्यांनी तांड्याच्या उलट्या अंगाला वळवला. भूजल जाणणारे आले, खड्डे घेऊन खडक पाहिला, चांगला निघाला. एकच अडचण. घळ नांदेड जिल्ह्यात. गाव आमचं, बांध त्यांच्यात. म्हणजे सगळ्या परवानग्या पुन्हा, दुसऱ्या जिल्ह्याच्या माणसांकडून.

वरचे इंजिनिअर साहेब म्हणाले, विसरा. आमचे साहेब म्हणाले, “खाजाभाई, गाडी काढा!”

कंधारला महसुलाचं काम झालं, किल्ल्याच्या खंदकाशेजारी चहा पीत पीत. नांदेडला पाटबंधाऱ्याचं झालं. राहिला जंगल खात्याचा अधिकारी. तो गावाला गेलेला. कुठल्या? लोह्याला, लग्नाला. आम्ही लोह्याला. मांडवात पंगत बसलेली, आणि अधिकारी पानावर, समोर बुंदी. साहेबांनी पंगतीत उभं राहूनच सगळं सांगितलं, इतक्या मोठ्यानं की वाढपी थांबले. अधिकारी बिचारा भला माणूस. म्हणाला, “एवढं निकडीचं हाय तर द्या, इथंच सही करतो.”

सोबत आलेला आमचा कारकून आनंदानं पेन काढायला लागला. साहेबांनी त्याचा हात धरला.

“इथं न्हाई. जागेवर चला.”

“अहो साहेब, सही देतो म्हणतोय की!” अधिकारी म्हणाला.

“जागा न बघता दिलेल्या सहीनंच तांडा बुडत होता. तुमची बी तसली नको मला. जेवून घ्या. आम्ही थांबतो.” आणि असं म्हणून साहेब स्वतःच शेजारी मांडी घालून बसले, “बुंदी वाढा हो!”

तो अधिकारी डोक्यात अक्षता घेऊन जीपमध्ये बसला. घळीत उतरला, प्रत्येक झाड हाताळून बघितलं, दोन जुनी अंजनाची झाडं वाचवायला बांधाची रेघ जराशी वाकवायला लावली. साहेबांनी लगेच वाकवली. मग त्यानं जीपच्या बॉनेटवर सही केली. अक्षता कागदावर गळल्या. खाजाभाई म्हणाला, “साब, शादी हो गई!”

गावाला पटवणं सोपं नव्हतं. सरपंच म्हणाले, “दारातला तलाव तुम्ही डोंगरात नेला.” साहेबांनी वाद घातला नाही. त्यांना तांड्यावर नेलं आणि सक्रीबाईच्या दारात उभं केलं. “सरपंच, तुमच्या बांधाचं पाणी इथवर,” म्हणून छत्री तिच्या चुलीपाशी टेकवली. सरपंच चुलीकडं बघत राहिले. चूल पेटलेली होती, वर ज्वारीच्या कण्या शिजत होत्या. “मला कुणी सांगितलंच न्हाई,” ते पुटपुटले. आणि मग एकदम मोठ्यानं, “डोंगरात तर डोंगरात! पाझरंल न्हव का?” “पाझरंल!” “मग झालं!”

इतकं सगळं जमलं, आणि भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी वरिष्ठांचा निरोप आला. कार्यक्रम जुन्याच जागी होईल. मांडव घातलाय, पत्रिकेत जागा छापलीय. तलाव मागाहून हलवू. नारळ कुठं फुटला यानं काय फरक पडतो?

साहेबांनी निरोप वाचला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. “फरक पडतो. एकदा मंत्र्याच्या नावाचा दगड बसला की तो हलत न्हाई. तलाव दगडामागं जातो.”

“मग काय करायचं साहेब?” मी विचारलं.

ते दोन मिनिटं कचेरीभर फेऱ्या मारत राहिले. मग छत्री खांद्यावर टाकली. त्यांच्या डोळ्यांत असा काही खट्याळपणा आला, की मला भीती पण वाटली आणि हसू पण आलं. “मांडवाला चाकं लावायची.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाव आणि तांडा दोन्ही जुन्या जागी हजर. सरपंचांनी आपल्या बैलगाड्या आणलेल्या. खांब उपटले, कनात गुंडाळली, सतरंज्या, खुर्च्या, हार, माइक, सगळं गाड्यांवर. बायांनी आंब्याची तोरणं गळ्यात घातली, म्हणजे चुरगळणार नाहीत. तो नावाचा संगमरवरी दगड चार गडी पालखीसारखा घेऊन निघाले. बँडवाले ठरलेल्या वेळेला आले, त्यांना काही कळेना, ते वाजवतच मागून चालायला लागले. वरात निघाली होती म्हणा ना! मी मधे, दुर्बीण पोटाशी धरून. चढावर धाप लागली तरी कुणी थांबेना. घळीच्या तोंडाशी मांडव पुन्हा उभा राहिला, जरा तिरका, पण उभा.

जुन्या जागी राहिले फक्त खांबांचे खड्डे आणि खाजाभाई. पुढचं मी त्याच्या तोंडून ऐकलं, आणि नंतर पुष्कळदा, कारण तो ते जन्मभर सांगत राहिला. मंत्र्यांची गाडी आली. मागं वरिष्ठांची. मंत्री उतरले. रान मोकळं. खड्डे. त्यांनी वरिष्ठांकडं बघितलं, वरिष्ठांनी खड्ड्यांकडं. खाजाभाईनं हात जोडले.

“हुजूर, तालाब जरा आगे सरक्या है. चलो.”

मंत्री आले ते घामानं चिंब आणि संतापलेले. साहेब पुढं झाले. स्वागत नाही, हार नाही. टेबलावर दुर्बीण मांडलेली. म्हणाले, “साहेब, नारळाआधी एकदा यात बघा. मग जी शिक्षा द्यायची ती द्या.”

मंत्री वाकावं की नाही अशा पेचात पडले. पण शेवटी माणूसच. वाकले. मी शेजारी उभी. फोटो नीट बसला नव्हता. मी नखानं जरासा ढकलला. मंत्र्यांचा खांदा हलला. जमीन उठली होती.

“ही काय आहेत? घरं?”

“हाव,” मी म्हणाले.

“आणि ही रेघ?”

“जुन्या जागेवर बांधला असता तर पाणी तिथवर आलं असतं.”

मंत्री डोळे न उचलता म्हणाले, “कुणाची घरं?”

उत्तर आमच्यापैकी कुणी दिलं नाही. सक्रीबाई गर्दीतून पुढं आली. “आमची. तुम्ही बघून राहिले ते माझं हाय.”

मंत्र्यांनी मान वर केली. तिच्याकडं बघितलं, बांधाच्या जागेकडं बघितलं, घामेजलेल्या वरिष्ठांकडं बघितलं. मग हात पुढं केला. “नारळ आणा.” तो फुटला तेव्हा जो आरडाओरडा झाला, त्यात बँड ऐकू आला नाही. भाषणात मंत्री म्हणाले की ही जागा त्यांनी स्वतः पुष्कळ विचार करून निवडली आहे. साहेबांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

वरिष्ठ विसरले नाहीत. आठवड्याभरात नोटीस आली. गोपनीय फोटो अनधिकृत लोकांना का दाखवले? साहेबांनी उत्तर लिहिलं, “ज्यांची घरं त्यांनाच दाखवली.” या उत्तराला त्या “पाय” इतकं यश आलं नाही. बदली झाली, कोकणात. निघताना ते अगदी आनंदात होते. “तिकडं लई पाणी हाय म्हणे. बघतो तरी.” त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात खुर्च्या परत आणल्या. तिसऱ्यात पडदे आले. मला खूप राग आला, मी एक दिवस घरी जाऊन रडलेही. पण पाची खाती एका छताखाली राहिली, आणि जागा न बघता सही करायची लाज काही वर्षं तरी टिकली. बूट झिजले होते ना सगळ्यांचे.

बांध पूर्ण झाला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात साहेब रजेवर आले, बायकोला घेऊन. मला आणि खाजाभाईला निरोप. आम्ही चौघं बांधावर चढलो. पाऊस बेताचाच झाला होता, तरी घळ भरली होती. निळं, थंड, टेकडीच्या पोटापर्यंत पाणी. साहेबांनी छत्री बायकोच्या हातात दिली, चपला काढल्या, आणि पँट, सदरा, सगळ्यासकट सरळ पाण्यात शिरले. गुडघे, कंबर, छाती.

“अहो!” वहिनी किंचाळल्या. “वर या! पोहता येत न्हाई तुम्हाला!”

मला हे माहीतच नव्हतं. इतके तलाव मंजूर केलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं. तांड्यावरून सक्रीबाई दोन पोरींना घेऊन धावत आली, पोरींनी पाण्यात उतरून साहेबांना दोन्ही दंडांना धरलं. “सोडा मला!” साहेब ओरडले. पुढचं पाऊल टाकलं तर तळ लागेना. “न्हाई न्हाई, धरा! धरा!” काठावर सक्रीबाई हसून हसून खाली बसली. वहिनी एकीकडं रागावतायत, एकीकडं पदर तोंडाला लावून हसतायत.

साहेब तसेच छातीभर पाण्यात, दोन पोरींच्या आधारानं. तिथून त्यांना बांधापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि मुंबईला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, “ट्रेसरबाई! तांडा दिसतोय का?”

मी बांधाच्या माथ्यावर पलीकडं वळले. खाली घरांची ओळ होती. विहिरीवर दोघी पाणी शेंदत होत्या. चुलींचा धूर निघाला होता, शेळ्या बाभळीखाली बसल्या होत्या, आणि कुंपणावर लाल, काचांचे घागरे वाळत घातलेले, उन्हात लखलखत होते.

“दिसतोय साहेब!”

“कोरडा हाय का?”

“कोरडा!” मी जीव खाऊन ओरडले. “सगळाच्या सगळा कोरडा हाय साहेब!”